बोरिवलीचा फ्लॅट विकला, आता रिटर्नमध्ये काय दाखवायचं

आत्या: बोरिवलीच्या फ्लॅटचं रजिस्ट्रेशन झालं जानेवारीत, सुटले एकदाची. आता मला सांगा, तिथे आधी आम्हीच राहायचो, ठाण्याला आल्यापासून भाड्याने होता, मग टॅक्सला तो राहता धरायचा की काय? शेजारचे एक म्हणाले भाड्याने दिलेल्या घराला सूटच नसते

काका: बरोबरच आहे त्यांचं. भाडं खाल्लंस ना इतकी वर्षं 😀

दादा न्यूजर्सी: आमच्याकडे हे डोक्याला शॉट असतं. विकायच्या आधीच्या ५ वर्षांत २ वर्षं स्वतः राहिलेलं असलं तर नवराबायकोला मिळून ५ लाख डॉलरपर्यंत नफा माफ, पण भाड्याच्या काळातला घसारा (घर जुनं होतं म्हणून दरवर्षी उत्पन्नातून वजा मिळणारी रक्कम) त्यात माफ होत नाही, त्यावर २५ टक्क्यांपर्यंत टॅक्स, आणि तुम्ही घसारा घेतलाच नसेल तरी घेता आला असता म्हणून धरतात. आत्या तू घसारा घेतलेलास का?

आत्या: अरे कसला घसारा 😳

ताई सीए: दादा घाबरवू नको तिला. आपल्याकडे घरभाड्यावर घसारा नसतोच, मुन्शिपाल्टीचा टॅक्स वजा आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजा, संपलं. आणि काका, कलम ५४ ला, म्हणजे घर विकून झालेला नफा नव्या घरात घातला की मिळते त्या सुटीला, घर राहतं की भाड्याने याने फरक पडत नाही, राहण्याचं घर हवं आणि २४ महिन्यांच्या वर तुमच्याकडे हवं एवढंच.

आत्या: मग घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटीला वर्षानुवर्षं भरलेलं नॉन-ऑक्युपन्सी?

ताई सीए: ते त्या ३० टक्क्यांतच आलं, वेगळं नाही मिळणार. पण ब्रोकरेज आणि सोसायटीने ट्रान्सफरचे घेतलेले २५ हजार तू भरले असशील तर विक्रीच्या खर्चात टाकू, पावत्या शोध.

काका: घरविक्रीच्या नफ्यावर टॅक्स आता साडेबारा टक्के झालाय ना सगळ्यांना

ताई सीए: काका २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल आणि आपण इथले रहिवासी असू तर जुना इंडेक्सेशनचा हिशोब, म्हणजे महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून उरलेल्या नफ्यावर २० टक्के, तो पण करून बघता येतो, जो कमी तो भरायचा. आत्याने २०१०-११ मध्ये स्टँप ड्युटी धरून ४८ लाखांना घेतला, १ कोटी ४० लाखांना गेला. साडेबारा टक्क्यांनी ९२ लाखांवर साडेअकरा लाख. इंडेक्सेशन लावलं तर ४८ चे सरकारी महागाई निर्देशांक १६७ वरून ३७६ झाला त्या हिशोबाने १ कोटी ८ लाख होतात, नफा उरला साधारण ३२ लाख, त्यावर २० टक्के म्हणजे ६ लाख ४० हजारांच्या आत. वर सेस. खर्च अजून वजा व्हायचाय

काका: हे कोणी सांगितलंच नव्हतं मला 🙏

आत्या: आणि ते पैसे चिरंजीवांच्या नवीन फ्लॅटमध्ये घातले तर काहीच नाही ना भरावं लागत?

ताई सीए: आत्या इथे थांब. नवीन घर तुझ्या नावावर हवं, नुसतं त्याच्या नावावर घेतलंस तर वाद होणार आणि निस्तरायला आपणच. विक्रीच्या आधी १ वर्ष ते नंतर २ वर्षं एवढी मुदत, बांधत असाल तर ३ वर्षं, आणि पूर्ण १ कोटी ४० लाख नाही, नफ्याएवढे घातले तरी चालतात. रिटर्नच्या तारखेपर्यंत घर ठरलं नाही तर पैसे बँकेत कॅपिटल गेन अकाउंटमध्ये टाकायचे, साध्या एफडीत ठेवलेस तर सूट गेली.

दादा न्यूजर्सी: बाँड असतात ना कसले?

ताई सीए: हो, कलम ५४ ईसीचे, नफा त्यात घातला तरी सूट मिळते, ५० लाखांपर्यंत, विक्रीपासून ६ महिन्यांत घ्यायचे आणि ५ वर्षं पैसे अडकतात. म्हणजे जुलैच्या आत ठरवायला हवं आत्या. व्याजावर टॅक्स आहेच, तुझ्या वयाला मी तरी सगळे तिकडे टाकायला सांगणार नाही.

काका: घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापला असेल ना?

आत्या: हो १ लाख ४० हजार कापलेत, सर्टिफिकेट दिलंय

ताई सीए: ते तुझ्या पॅनवर दिसतंय का बघते. रिटर्न आयटीआर-टू लागेल, आयटीआर-वन चालणार नाही, आणि एप्रिलपासून विकेपर्यंतचं भाडं पण त्यातच दाखवायचं, विकला म्हणून ते गायब होत नाही. खरेदी-विक्रीची दोन्ही अ‍ॅग्रीमेंट आणि रजिस्ट्रेशनचा उतारा, इंडेक्स टू, पाठव, इथे ग्रुपवर नको, मला पर्सनलवर टाक

आत्या: जुनं अ‍ॅग्रीमेंट लॉकरमध्ये आहे गं, सोमवारी बँकेत जाते