जीसीसी बिल्ड करताना मध्येच ‘किल्ड’

प्रश्न (खानापूर): जीसीसी (सी/सी++ चा कंपायलर) सोर्सवरून बनवतोय. उबुंटू, ८ जीबी रॅम, ४ कोर. ‘मेक -जे८’ (एकावेळी आठ कामं) दिलं की सीसी१प्लस (जीसीसीचा सी++ कंपाइल करणारा भाग) ‘किल्ड’ होऊन बिल्ड थांबतो. सोर्स खराब डाउनलोड झालाय काय ओ?

उत्तर (बेळगाव): सोर्सचा दोष नाही. रॅम संपली की कर्नलच (सिस्टीमचा गाभा) प्रोसेस मारतो. डीमेसगमध्ये (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) ‘आउट ऑफ मेमरी’ दिसेल. -जे२ द्या, ४ जीबी स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) जोडा. ‘मेक क्लीन’ नको (झालेलं पुसलं जातं), तेच मेक परत चालवा.

उत्तर (निपाणी): कॉन्फिगर (बिल्डआधी चालवायची तयारीची स्क्रिप्ट) सोर्सच्या फोल्डरात चालवलं नाही ना? बिल्डचं फोल्डर वेगळं हवं. ३२-बिट प्रोग्रॅम बनवायचे नसतील तर कॉन्फिगरला --डिसेबल-मल्टिलिब द्या. डिफॉल्ट बिल्डमध्ये कंपायलर तीनदा बनतो, दुसरा-तिसरा ताडून बघतात. घाई असेल तर --डिसेबल-बूटस्ट्रॅप, म्हणजे एकदाच बनतो. प्रीफिक्स (इन्स्टॉल करायची जागा) मात्र /ऑप्टमध्येच, सिस्टीमचा जीसीसी बिघडवू नका.

उत्तर (बेळगाव): आणि मध्येच लाइट गेली तर शून्य बाइटच्या ‘.ओ’ फायली (कंपाइल झालेले तुकडे) शोधून उडवा. मेक त्यांना पूर्ण झालेल्या समजतो, मग लिंकिंगला (तुकडे जोडताना) अडतं.