पहिल्या ऑइलमधली चमक

डिझेल इंजिन खोलून नव्याने बांधल्यावर पहिलं ऑइल काढलं तर उन्हात बारीक चमक दिसली, म्हणून लगेच क्रँक (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) उघडायला सांगणं मला पटत नाही. नवे लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) आणि पिस्टनच्या रिंग एकमेकांत बसताना थोडा धातूचा चुरा निघतोच. प्रश्न आहे तो कशाचा आणि केवढा याचा.

ऑइल फिल्टर फेकू नका. डबा कापा (ग्राइंडरने नको, त्याचाच चुरा आत जातो), कागद उलगडून निथळू द्या आणि त्यावरून लोहचुंबक फिरवा. चिकटला तो लोखंडी चुरा, म्हणजे रिंग, लायनर, गिअर. न चिकटणारे पांढरट किंवा तांबूस पापुद्रे दिसले तर मात्र बेअरिंगवर (क्रँक ज्यात फिरतो त्या धातूच्या वाट्या) संशय घ्या. तांबूस रंग म्हणजे बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचं तांबं उघडं पडलंय. बोटाला टोचणारा तुकडा सापडला तर इंजिन सुरूच करू नका.

ऑइल काळं झालं याची काळजी नको, डिझेलमध्ये ते होतंच.

इंजिन पूर्ण तापल्यावर स्लो स्पीडला ऑइल प्रेशर किती राहतं ते लिहून ठेवा, तेही गेज लावून. डॅशबोर्डवरच्या नुसत्या दिव्यावर जाऊ नका. ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी) येणारा धूरही बघा. तो दिवसेंदिवस कमी व्हायला हवा. होत नसेल तर आधी विचारतो, गाडी नुसती उभी ठेवून चालवताय का? रिंग बसायला लोड लागतो, नाहीतर लायनर गुळगुळीत होतो आणि इंजिन ऑइल खायला लागतं.

आणि एअर क्लीनरपासून इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डपर्यंतचा पाइप, क्लिपा आजच तपासा. तिथून धूळ शिरली तर नव्या रिंग फार लवकर जातात.