मदत हवी आहे: जुन्या गेमिंग पीसीत आधी ग्राफिक्स कार्ड बदलू की प्रोसेसर?

नमस्कार मंडळी,

माझा गेमिंग पीसी जुना झालाय, पण तो मोडीत काढायची तयारी नाही. एका वेळी एकच मोठी वस्तू घेता येईल इतकीच ऐपत आहे आणि दुसरीसाठी बराच काळ थांबावं लागेल. म्हणून क्रम नीट ठरवायचाय.

आतलं सामान असं: इंटेल कोअर आय५-४४६०, एच८१ मदरबोर्ड, डीडीआर३ रॅम ४ जीबीच्या दोन पट्ट्या, जीटीएक्स ९६० (२ जीबी), साधी हार्ड डिस्क आणि ४५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). त्यातून कार्डासाठी ६ पिनची एकच वायर निघते. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झचा, त्यामुळे ६० फ्रेमच्या वर मला काही नकोच आहे.

विचारण्याआधी थोडी तपासणी केली. आफ्टरबर्नर या आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कोअरचा आकडा वेगळा दिसेल असं लावून एक ओपन वर्ल्ड गेम खेळलो. गाडी मोकळ्या रस्त्यावर असते तेव्हा कार्ड ९८-९९ टक्के आणि प्रोसेसर निवांत, पण व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) काठोकाठ भरलेली. भिंत आधी नुसता मातकट पट्टा दिसते, गाडी अगदी जवळ गेली की मग विटांचे सांधे उमटतात. शहरात शिरलं की सगळं उलटं. चारही कोअर शंभरावर, कार्ड साठ टक्क्यांवर आणि पन्नाशीतले फ्रेम तिशीत, तेही धक्के खात. रिझोल्यूशन ७२०पी केलं तर मोकळ्या रस्त्यावर फ्रेम चांगले वाढतात, शहरात मात्र ढिम्म हलत नाहीत.

माझा कल असा आहे की जे पुढच्या पीसीत नेता येईल त्यावरच पैसे घालावेत. एसएसडी, एसएमपीएस, कार्ड हे सगळं पुढे चालेल. डीडीआर३ रॅम आणि एलजीए ११५० सॉकेटचा प्रोसेसर या बोर्डाबरोबरच संपणार. पण वापरलेला आय७-४७७० याच सॉकेटमध्ये बसतो, त्याचा टीडीपीही (उष्णतेचा ठरलेला आकडा) ८४ वॅटच आहे आणि चाराऐवजी आठ थ्रेड (एकाच वेळी काम चालवायच्या वाटा) मिळतात. शहरातल्या रडगाण्यावर याहून स्वस्त इलाज मला दिसत नाही. तर यावर खर्च करणं शहाणपणाचं आहे का? आणि एच८१ वर कार्डाचा स्लॉट जुन्या, कमी वेगाच्या पीसीआयई २.० चा आहे, त्यामुळे कुठली कार्डं टाळावीत?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १:
तुमची तपासणी चांगली आहे, फक्त एक आकडा राहिला. शहरात रॅम किती भरते? ८ जीबी संपली की विंडोज हार्ड डिस्कवरची पेजफाइल (रॅमच्या जागी वापरायची फाइल) वापरायला लागतं आणि असे धक्के तिथूनही येतात. तसं असेल तर सगळ्यात आधी एसएसडी. साटाचीच (केबलने जोडायची, जुन्या प्रकारची) घ्या. एच८१ बोर्डांवर एनव्हीएमईवरून (नव्या, वेगवान प्रकारच्या एसएसडीवरून) विंडोज सुरू करायचं म्हणजे बहुधा बायोसशी (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरशी) झटापट, त्या वाटेला जाऊ नका.

कार्डाचं म्हणाल तर आरएक्स ६५०० एक्सटी या बोर्डावर अजिबात नको. ते स्लॉटच्या सोळापैकी फक्त चार लेन (डेटाच्या वाटा) वापरतं. पीसीआयई २.० वर चार लेन म्हणजे सेकंदाला जेमतेम २ जीबी, त्यात कार्डावर मेमरी बहुधा ४ जीबीच. मेमरी भरली की तुमचा तो मातकट पट्टा परत हजर. आरएक्स ५८० सोळाही लेन वापरतं, पण त्याला १८५ वॅट लागतात आणि निदान एक ८ पिन तरी हवीच. मोलेक्सला (एसएमपीएसच्या जुन्या चार पिनच्या वायरीला) अडॅप्टर जोडून ते चालवू नका, वायर तापते. जीटीएक्स १०६० चं ६ जीबीचं कार्ड तुमच्या ९६० सारखंच १२० वॅटचं आहे आणि त्याची बरीच मॉडेल्स एका ६ पिनवर चालतात. घेण्याआधी अर्धा तास लोड देऊन तापमान बघा, पंख्यांचा आवाज ऐका.

प्रतिसाद २:
मी आय७ च्या बाजूने. आय५-४४६० हा हॅसवेल रिफ्रेशमधला, म्हणजे ४७७० नंतर आलेल्या मालिकेतला आहे, तो चालतोय म्हणजे ४७७० साठी बायोस बदलायची गरज पडू नये. शहरात कार्ड साठ टक्क्यांवर बसून असताना नवं कार्ड तिथे काय करणार? मात्र विंडोज ११ च्या अधिकृत यादीत, मोजके अपवाद सोडता, इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर आहेत (हे दोन्ही चौथ्या पिढीचे) आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हा बोर्ड आणखी दोनेक वर्षं वापरणार असाल तरच आय७ घ्या.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच बघितलं, शहरात रॅम ७.६ जीबीवर जाते आणि हार्ड डिस्कचा दिवा विझतच नाही. तेव्हा आधी साटा एसएसडी घेतो, ती पुढच्या पीसीतही जाईल. त्यानंतरही चारही कोअर असेच शंभरावर राहिले तर वापरलेला आय७, आणि कार्ड सगळ्यात शेवटी. ८ जीबीच्या दोन जुन्या डीडीआर३ पट्ट्या कुणी एच८१ वर लावल्या असतील तर त्या विनातक्रार चालल्या का, तेवढं सांगा. बोर्डावर स्लॉट दोनच आहेत, त्यामुळे आताच्या दोन्ही काढाव्या लागतील.