मदत हवी आहे: व्यापारी संघटनेची कूपनं चारच दुकानांत का वटतात?

गल्लापेटी
पैसा बाहेर न जाता इथेच फिरावा म्हणून आमच्या व्यापारी संघटनेने सामायिक खरेदी कूपन काढलं आहे. ६२ सभासद, तीन महिने झाले. विक्री जोरात, पण वटतात फक्त चार दुकानांत. बाकीचे म्हणतात आम्हाला काय मिळालं, आणि वर्गणी थांबवायच्या बेतात आहेत. पुढच्या आठवड्यात सभा आहे. कूपन सगळीकडे पसरायला काय करावं? 'जाहिरात वाढवा' सांगू नका, ती करून झाली.

हिशेबनीस
माहिती अपुरी आहे. कागदी की मोबाइलवर? सवलत किती, आणि ती सोसतं कोण? दुकानदाराला पैसे किती दिवसांनी? मुदत किती?

खुर्दा
तुमचं कूपन एकदाच फिरतं, घोडं तिथंच पेंड खातंय. गिऱ्हाइकानं दिलं, दुकानदारानं संघटनेकडून पैसे घेतले, संपलं. ते त्यानं पुढच्या दुकानात चालवायला हवं. ऑस्ट्रियातल्या व्होर्गल गावानं १९३२ मध्ये स्वतःच्या नोटा काढल्या. दर महिन्याला दर्शनी किमतीच्या १ टक्क्याचं तिकीट लावायचं, नाहीतर नोट चालत नसे. कुणी दाबून ठेवायला धजावेना.

हिशेबनीस
आणि १९३३ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने ते बंद पाडलं, हेही लिहा की. हातोहात फिरणारं कूपन म्हणजे चलनाच्या हद्दीत पाय. आपल्याकडचा कायदा तपासल्याशिवाय असं काही सुचवू नका.

खुर्दा
जर्मनीतलं कीमगाउअर हे स्थानिक चलन २००३ मध्ये सुरू झालं, कुणी बंद पाडलं नाही. युरोत बदलून घेताना ५ टक्के कापतात, म्हणून व्यापारी आधी तिथंच खर्च करायला बघतो. त्यातले ३ टक्के स्थानिक संस्थांना जातात.

शिक्कामोर्तब
संघटना नोंदणीकृत आहे ना? सभेची सूचना किती दिवस आधी, गणसंख्या किती, हे घटनेत बघून घ्या. इतिवृत्तावर अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सह्या हव्यात.

गल्लापेटी
अहो, नोंदणी आहे, सूचनाही गेली आहे. मी ते विचारलंच नाही. कूपन कागदी, ५० आणि १०० चं. ९० भरले की १०० ची कूपनं. वरचे १० संघटनेच्या निधीतून. दुकानदाराला पैसे महिनाअखेर. मुदत सहा महिने.

चौकोनी
कागद सोडा, क्यूआर वापरा. कोणी कुठे वटवलं ते लगेच दिसतं.

तागडी
दिसेल, पण दोष योजनेत असेल तर तो क्यूआरमध्येही तसाच राहील. गल्लापेटी, दोनच प्रश्न. कूपनं विकतं कोण? आणि सुट्टे परत देतात का?

गल्लापेटी
तीच चार मोठी दुकानं विकतात, ती सकाळपासून रात्रीपर्यंत उघडी असतात. सुट्टे देतात. त्याचा इथे काय संबंध?

पायी_चालणारा
खरा प्रश्न पार्किंगचा आहे. गाडी लावायला जागा नसेल तर कूपन फुकट वाटा, कोणी येणार नाही.

तागडी
संबंध असा. विकणारा आणि वटवणारा एकच असला की तो स्वतःच ९० भरून स्वतःच्याच गल्ल्यात १०० वटवू शकतो. माल हलायची गरज नाही. महिनाअखेर पैसे मिळतात, म्हणजे ९० वर १०, महिन्याला ११ टक्के. ही विक्री जोरात दिसणारच.

सुट्ट्यांची दुसरी गळती. ९० ला घेतलेल्या १०० च्या कूपनावर ५ ची वस्तू घेतली की ९५ रोख हातात. वस्तू फुकट, वर ५ कमाई.

तपासायला सोपं आहे. विक्रीच्या वहीतले अनुक्रमांक आणि वटून आलेले अनुक्रमांक समोरासमोर ठेवा. खऱ्या गिऱ्हाइकांची कूपनं उलटसुलट येतात. एखादं घर एकदम दहा घेऊन एकाच ठिकाणी खर्चेल, ते सोडून द्या. पण २०-३० सलग नंबर, घडी न पडलेले, विक्रीनंतर दोनचार दिवसांत एकाच दुकानाकडून आले तर समजून जा.

हिशेबनीस
तागडींशी सहमत, पण सगळा दोष लबाडीवर ढकलू नका. रोजच्या गरजेच्या मालाची दुकानं कूपनं ओढणारच. आणि महिनाअखेरच्या पैशांमुळे शिंपी किंवा दुरुस्तीवाला नको म्हणतो, त्याचं भांडवल अडकतं. पैसे दर आठवड्याला द्या.

शिवाय विक्री मोजून पैसा इथे राहिला की नाही ते कळत नाही. त्याला एलएम३ (लोकल मल्टिप्लायर ३) नावाची पद्धत आहे, ती पैशाच्या पहिल्या तीन फेऱ्या मोजते. संघटनेकडून १०० आले, त्यातले ४० दुकानांनी स्थानिक लोकांवर खर्चले, त्यांनी पुढे १५ खर्चले. बेरीज १५५, भागिले १००, म्हणजे १.५५. चारही दुकानांचा माल बाहेरून येत असेल तर हा आकडा १ च्या आसपासच घुटमळेल.

गल्लापेटी
नंबर जुळवले. दोन दुकानांचे सलग गठ्ठे निघाले, एक चाळीसचा. त्यातला एक कार्याध्यक्ष आहे. आता?

तागडी
सभेत नाव घेऊ नका. तुमच्या नियमात मनाई नव्हती, त्यामुळे वाद चिघळेल आणि मूळ ठराव बाजूला राहील. नियमच बदला.

विक्री कूपन न स्वीकारणाऱ्या जागेतून, उदाहरणार्थ संघटनेच्या कार्यालयातून. एका माणसाला महिन्याला ठरावीक मर्यादा. सुट्टे बंद, त्यासाठी १० आणि २० ची कूपनं काढा. आणि मुख्य म्हणजे १०० चं कूपन १०० लाच विका. सवलतीचे १० त्याला जोडलेल्या छिद्ररेषेच्या तुकड्यावर द्या. १०० वटवणाऱ्याने तो तुकडा फाडून, स्वतःचा शिक्का मारून गिऱ्हाइकाला परत द्यायचा. ज्या दुकानाचा शिक्का त्या दुकानात तो चालणार नाही, दुसऱ्या कुठल्याही सभासदाकडे चालेल. निधीवर बोजा आहे तेवढाच, पण माणूस दुसऱ्या दाराशी जातो.

चौकोनी
दोन दुकानदार आपसात तुकडे बदलतील की.

तागडी
बदलतील. पण त्याच दोन शिक्क्यांची जोडी वहीत पुन्हा पुन्हा दिसेल.

जुनी कूपनं मात्र मुदतीपर्यंत स्वीकारावीच लागतील. बाजारात आहेत तेवढ्यांची पूर्ण रक्कम, ९० नव्हे, १००, वेगळ्या खात्यात आत्ताच बाजूला काढा. ते देणं आहे, शिल्लक नाही.

शिक्कामोर्तब
मघाशी मी घटना काढायला सांगत होतो ती उगाच नाही. ज्याचा हितसंबंध आहे त्याने त्या ठरावावर मत देऊ नये असं कलम आहे का बघा. कार्याध्यक्षच सभा चालवणार असतील तर त्या विषयापुरता दुसरा अध्यक्ष निवडता येतो का, तेही.

गल्लापेटी
सभा तेच चालवतात. घटना शोधतो, कपाटाची किल्ली सचिवांकडे आहे.