आंबाडुंगर खोदावा की राहू द्यावा?

मांडवीकर: २०२५च्या एप्रिलमध्ये चीनने सात रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा) धातूंना निर्यात परवाना लावला आणि चुंबकांअभावी आपल्या ईव्हीवाल्यांची पळापळ झाली. इकडे गुजरातच्या कवांट तालुक्यात आंबाडुंगरचा कार्बोनेटाइट, म्हणजे रेअर अर्थ असलेला खडक, पडून आहे. एका मोटरला दीड किलो चुंबक, त्यात निओडिमियम-प्रॅसिओडिमियम अर्धा किलोच्या आत. धातुकात एक टक्का रेअर अर्थ धरा, त्यातला सहावा हिस्सा हे दोघे. गळती धरूनही गाडीमागे अर्धा-पाऊण टन खडक. एवढ्यासाठी रडारड कशाला?

वारसिया: हिशोब बरोबर, पण त्या सातांत निओडिमियम नाहीच. डिस्प्रोसियम आणि टर्बियम आहेत. मोटर तापली की चुंबकाने दम सोडू नये म्हणून ते घालतात. कार्बोनेटाइटमध्ये भरणा लँथेनम-सेरियम या हलक्या रेअर अर्थचा, हे जड भाऊबंद जेमतेम. डोंगर फोडूनही अडलेलं अडलेलंच.

मांडवीकर: अर्धसत्य. डिस्प्रोसियम आता चुंबकाच्या कणांच्या कडांवरच मुरवता येतं, मात्रा बरीच उतरते. निओडिमियम मात्र हवंच.

सुरसागरकाठ: खडकाचं वजन काय घेऊन बसलात, उरलेल्या चिखलाचं बोला. कॅल्साइट, फ्लोराइट आणि रेअर अर्थवालं बास्टनेसाइट, ही तिन्ही खनिजं वेचायला वापरतात त्या फॅटी ॲसिडच्या फेसाला सारखीच चिकटतात. वेगळी करायची तर दळण बारीक, लगदा गरम, वर सोडियम सिलिकेट. असलं टेलिंग (उरलेला चिखल) लवकर खाली बसत नाही, पाणी धरून बांधावर रेटा देत राहतं. त्यात किरणोत्सारी थोरियम. पुढे बास्टनेसाइट सल्फ्युरिक ॲसिडबरोबर भाजलं की हायड्रोजन फ्लोराइड वायू सुटतो. तो धुऊन काढणारा स्क्रबर बंद पडला तर आधी पिकांची पानं करपतात. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम. फ्लोरस्पारच्या (फ्लोराइटच्या) पट्ट्यात ती ओलांडायला कितीसा वेळ?

वारसिया: आणि तिथल्या राठवा आदिवासींना विचारायचं कोणी? पेसा १९९६ या आदिवासी भागांच्या पंचायत कायद्यात ग्रामसभेची शिफारस बंधनकारक आहे ती गौण खनिजांपुरती (वाळू, मुरूम वगैरे). रेअर अर्थ त्यात येत नाहीत. जंगलजमीन असेल तरच वनहक्क कायदा २००६ हाताशी. २०१३मध्ये ओडिशातल्या नियमगिरीच्या बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या (ॲल्युमिनियमच्या धातुकाच्या) खाणीला नकार दिला, तो त्याच्याच जोरावर.

मांडवीकर: मग ॲसिडचं काम डोंगराशी नकोच. तिथे फक्त कॉन्सन्ट्रेट (वेचून काढलेलं खनिज), बाकी दहेजच्या रसायन-वसाहतीत. टेलिंग गाळून कोरडं रचा.

सुरसागरकाठ: बारीक मालाने फिल्टर प्रेसचं कापड सारखं चोंदतं, आणि खर्चाला कात्री लागली की पहिली तिथेच. परवान्यात लिहून घ्या, नाहीतर विसरा. त्यापेक्षा इंडक्शन मोटर वापरा, चुंबकाची कटकटच नाही.

मांडवीकर: तिच्या रोटरलाही तांबं लागतं, ताई. मलाजखंडची तांब्याची खाण मध्य प्रदेशात बैगा-गोंड आदिवासींच्याच बालाघाटात आहे.

सुरसागरकाठ: रोटर ॲल्युमिनियमचाही होतो.

वारसिया: म्हणजे पुन्हा बॉक्साइट!