हॅगलर-लेनर्ड १९८७: पहिल्या दोन फेऱ्या अशा का घालवल्या?

डावखुरा:
मी स्वतः बॉक्सिंगमध्ये डावखुऱ्या पवित्र्यात (उजवा हात-पाय पुढे) खेळतो, त्यामुळे डावखुरा बॉक्सर मार्व्हिन हॅगलर पहिल्यापासून माझं दैवत. ६ एप्रिल १९८७ ची शुगर रे लेनर्डविरुद्धची लढत परवा पुन्हा पाहिली, वही-पेन घेऊन आणि आवाज बंद करून. मागे आवाजासकट पाहिली होती तेव्हा माझ्या हिशेबात लेनर्ड फेऱ्यांमध्ये ७-५ असा पुढे होता. या वेळी ६-६ आलं. समालोचक आपल्याला किती ओढून नेतात!

दोन प्रश्न आहेत. एका पंचाने ११५-११३ हॅगलरला दिले, दुसऱ्याने तेच लेनर्डला, आणि तिसऱ्याने लेनर्डला थेट ११८-११०. हे कुठून आलं? आणि हॅगलर सुरुवातीला उजव्या पवित्र्यात (डावा हात-पाय पुढे) का खेळला?

कोपऱ्यातला:
फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला सहसा ९. म्हणजे ११८-११० चा अर्थ बारांपैकी दहा फेऱ्या लेनर्डच्या. मला हे अजिबात पटत नाही. पण लेनर्डची युक्ती बघा: फेरीभर फिरत राहायचं आणि घंटेला अर्धा मिनिट उरला की ठोशांची सर लावायची. त्यात जोर फारसा नसतो, पण पंच पेन उचलतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर तेवढंच असतं.

जुना प्रेक्षक:
माझ्या मते हॅगलर रिंगमध्ये उतरायच्या आधीच निम्मं हरला होता. लेनर्डच्या बाजूने पंधराऐवजी बारा फेऱ्या, मोठी रिंग आणि दहा औंसांचे ग्लोव्हज मागून घेतले; हॅगलरने पैशाचा मोठा वाटा घेऊन मान्यता दिली. १९८३ मध्ये दुरानला त्याने चौदाव्या-पंधराव्या फेरीत मागे टाकलं होतं. अशा माणसाने शेवटच्या तीन फेऱ्या कागदावरच सोडून द्याव्यात?

पवित्र्याचं म्हणाल तर, डावखुऱ्या पवित्र्याशिवायही आपण जिंकू शकतो हे त्याला दाखवायचं होतं, असं मला वाटतं. हर्न्सला १९८५ मध्ये कपाळ फुटलेलं असताना तिसऱ्या फेरीत आडवा करणाऱ्याला हे सिद्ध करायची काय गरज होती?

डावखुरा:
फेऱ्यांचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, आभार. मला जास्त लागतं ते वेगळंच. पंचांवर विसंबू नये हे हॅगलरइतकं कुणाला ठाऊक होतं? १९७९ मध्ये अँतुओफेर्मोविरुद्ध पंधरा फेऱ्या खेळून त्याच्या पदरात बरोबरी पडली आणि विजेतेपदाचा पट्टा समोरच्याकडेच राहिला. तो मिळवायला पुढच्या वर्षी लंडनला जाऊन, तोवर पट्टा ज्याच्याकडे गेला होता त्या मिंटरला तिसऱ्या फेरीत थांबवावं लागलं, आणि लढत थांबताच प्रेक्षकांतून बाटल्या आल्या. त्याच माणसाने १९८७ मध्ये दोन फेऱ्या हातच्या घालवल्या.

पवित्रा बदलला की काय होतं ते मी सरावात अनुभवलंय. पुढचा पाय परका वाटतो, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) बोटभर आधीच संपतो आणि अंतराचा अंदाज येईपर्यंत फेरी निघून जाते. हॅगलर दोन्हीकडून सराईत होता हे खरं, तरी तिसऱ्यात तो आपल्या पवित्र्यात आला, आणि मग पाचवी बघा. फेरीच्या अखेरीस उजव्या हाताचा अपरकट (खालून वर हनुवटीकडे जाणारा ठोसा) बसतो आणि लेनर्डचे गुडघे वाकतात. हे पहिल्या फेरीत का नाही, असं वाटून मी वही बंद केली होती.

कोपऱ्यातला:
नववी फेरीही बघा, लेनर्ड कोपऱ्यात अडकतो ती. तिथे डाव्या हाताने हॅगलर त्याला हलवतो, पण तो ठोशांनीच वाट काढून निसटतो.

जुना प्रेक्षक:
आणि नंतरचंही विसरू नका. १९८८ मध्ये थांबतो म्हणाला आणि खरंच थांबला. ६२ विजय, ३ पराभव, २ बरोबरी. इटलीत जाऊन राहिला, सिनेमांत कामं केली. लेनर्ड मात्र १९९७ पर्यंत परत परत येत राहिला आणि शेवटच्या दोन्ही लढती हरला.

डावखुरा:
नववी आज लावतो, पण आधी पाचवी. या वेळी फक्त दोघांचे पाय बघणार आहे.