भाड्याची एलईडी वॉल की घरचा काचेचा ट्रे? नाशिकच्या बँडवाल्यांनो, बोला

सातपूरचा कीबोर्ड
आमचा चौघांचा बँड. स्वतःची मराठी गाणी, गंगापूर रोडचे कॅफे आणि कॉलेजांची गॅदरिंगं, एवढीच आमची दुनिया. मागच्या महिन्यात एका आयोजकाने हौसेने आमच्यामागे एलईडी वॉल उभी केली. तिच्यावर काय? निळे बोगदे, गरगरणारे त्रिकोण आणि एक जळती गिटार. आमचं गाणं आजीच्या वाड्यातल्या आडावरचं होतं! खाली उतरल्यावर एक जण म्हणाला, "ते बोगद्याचं भारी होतं."

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. चित्र घरी बनवावं आणि कार्यक्रमात हातानेच वाजवावं. एका बंद पडलेल्या क्लासच्या भंगारातून जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर आणला. त्याच्या काचेवर बेकिंगचा काचेचा ट्रे ठेवला, त्यात पाणी, तेल आणि खाण्याचा रंग. आमचा एक मित्र, ज्याला सा कुठला ते कळत नाही, तो ट्रे हलवतो. पहिल्यांदा आम्ही रांगोळीचे रंग टाकले आणि पडद्यावर नुसता चिखल दिसला. रंग कितीही लालभडक असो, त्यातून उजेड आरपार गेला नाही तर पडद्यावर काळाच. फाउंटन पेनची शाई मात्र सुरेख उतरते.

डिसेंबरातल्या गच्चीवरच्या कार्यक्रमात खोबरेल बाटलीतच गोठलं होतं. चमच्याने खरवडून एक गोळा ट्रेमध्ये टाकला. आधी पडद्यावर काळा डाग. मग खालच्या दिव्याच्या उष्णतेने कडा सुटत गेल्या, मधे उजेड झिरपायला लागला, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत खरोखर आडात वाकून बघितल्यासारखं झालं. हे विकतच्या लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या तयार व्हिडिओत, मिळेल का?

बेसुरा बेसवाला
भाऊ, त्याच गच्चीवर मी होतो. आड छान होता. तुझा गायक मात्र स्वतःलाच ऐकू येत नसल्याने अर्धा सूर खाली होता, कारण तुमच्याकडे एकच मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, आणि तो ड्रमरच्या पायाशी. तेल आणि शाई बाजूला ठेवा, आधी दुसरा मॉनिटर घ्या. चित्र हे आवाज सुधारल्यानंतरचे चोचले.

मंडपवाला
वॉल भाड्याने देणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे बाजू कुणाची घेणार ते ओळखा. मे महिन्यात नाशकात सात वाजेपर्यंत उजेड असतो. लॉनवर साडेसहाचा कार्यक्रम असेल तर तुमचा प्रोजेक्टर चालू आहे की बंद हे फक्त तुम्हालाच कळेल. आणि जळती गिटार माझ्या पेनड्राइव्हमध्ये आहे, कारण बँड स्वतःचं काही आणतच नाहीत. आणा, मी लावतो. पैसे तेवढेच.

सातपूरचा कीबोर्ड
मंडपवाले, लॉनचं मान्य, बिनशर्त. प्रोजेक्टरचं गणित क्रूर असतं: दिव्यातून निघणारा ३००० ल्युमेनचा उजेड ६ बाय ४ फुटांच्या मांजरपाटावर साधारण १३०० लक्स (दर चौरस मीटरला तेवढे ल्युमेन) पडतो. पडदा १२ बाय ८ केला की क्षेत्रफळ चौपट, उजेड पाव, म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास. म्हणून आमचा पडदा लहान असतो आणि कॅफेवाल्याला आम्ही दिवे मालवायला लावतो. पण कॅफेत तुमची वॉलही फसते. ३.९ मिलीमीटरवर एकेक ठिपका, आणि पहिलं टेबल सहा फुटांवर. तिथे बसलेल्याला चित्र दिसत नाही, ठिपके दिसतात.

बेसवाल्या, मॉनिटरचं बरोबर आहे. पण आमच्या ट्रेचा सगळा खर्च मॉनिटरच्या केबलएवढाही नाही.

तिसरी घंटा
मी हौशी नाटकांची प्रकाशयोजना करते. तुम्ही दोघे पडद्यावर भांडताय, माणसाकडे कुणीच बघत नाहीये. मागे पडदा पेटला की समोरच्या गायकाचं तोंड काळं पडतं, त्याची नुसती आकृती उरते. चार गाणी ते गूढ वाटतं, पाचव्याला त्याचे डोळे बघावेसे वाटतात. बाजूने एक छोटा पिवळा दिवा द्या, पडद्यावर सांडणार नाही असा. आणि दोन गाण्यांना प्रोजेक्टरवर पुठ्ठा धरा. अंधार फुकट मिळतो, तरी कुणी वापरत नाही.

गोदाकाठचा
फाळक्यांच्या गावात घरगुती चित्रांवर वाद? ज्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप घरात एकेक फ्रेम टिपून वाढताना दाखवलं, ते नाशिकचेच ना!

तिसरी घंटा
नाशकात फाळके काढले की वाद संपला असं समजतात. जन्म त्र्यंबकेश्वरचा, पण वाटाणा १९१२ चा, आणि तेव्हा ते मुंबईत होते. कंपनी घेऊन नाशकात आले ते नंतर. शिवाय वाटाणा टिपून ठेवलेला होता, म्हणजे बेसिकली लूपच. दाखला द्यायचाच तर कल्याणच्या पटवर्धनांच्या शांबरिक खरोलिकेचा द्या. १८९२ च्या सुमाराची गोष्ट. हाताने रंगवलेल्या काचा दिव्यापुढे हाताने सरकवायच्या आणि सोबत निवेदन. ट्रेवाल्या मित्राचे पणजोबा तेच.

नुसतीच श्रोती
एक विनंती. माझ्या भाच्याला फिट्स येतात. एका कॉलेजच्या कार्यक्रमात पडदा इतका लखलखत होता की त्याला घेऊन बाहेर पडावं लागलं. १९९७ मध्ये जपानात पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा उजेड सेकंदाला बारा वेळा चमकला आणि सहाशेच्या वर मुलं दवाखान्यात गेली. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नको, असा सर्वसाधारण नियम आहे. तो पाळा, किंवा निदान आधी सांगा तरी.

मंडपवाला
हे मला कुणी आजवर सांगितलं नव्हतं. पेनड्राइव्हमधून दोन फायली आजच उडवतो.

बेसुरा बेसवाला
सगळं ठीक. पण खोबरेलवर माझा अजून विश्वास नाही. गाणं संपत आलं आणि गोळा वितळलाच नाही, तर?

सातपूरचा कीबोर्ड
जानेवारीत झालं तसं. मित्राने मान हलवून नाही म्हटलं, मग आम्ही शेवटचं कडवं आणखी एकदा घेतलं.

बेसुरा बेसवाला
हेच! हेच म्हणतोय मी. खोबरेलासाठी कडवं वाढवणारा बँड.

तिसरी घंटा
पुढचा कार्यक्रम कधी? मला ते कडवं दोनदा ऐकायचंय. पिवळा दिवा मी आणते.